अर्ध्या गुंजेचं यंत्र

७० मिलिग्रॅम. सोनाराच्या जुन्या मापात एक तोळा म्हणजे ९६ गुंजा, आणि एक गुंज भरते साधारण १२१ मिलिग्रॅम. म्हणजे हे वजन अर्ध्या गुंजेहून जरासं जास्त; तांदळाचे तीन दाणे तळहातावर घेतले तर जेवढं जाणवेल तेवढं. २०१४ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एडा पून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एवढ्या वजनाचं, २ मिलिमीटर व्यासाचं यंत्र सशाच्या हृदयावर बसवलं. छाती बंद केली आणि आत एकही तार न सोडता, बाहेरून ऊर्जा देऊन, त्या हृदयाचे ठोके हव्या त्या गतीने चालवून दाखवले. यंत्रात बॅटरी नव्हतीच.

या आकड्याशेजारी दुसरे दोन ठेवून पाहू. छातीत कातडीखाली बसवतात तो नेहमीचा पेसमेकर २० ते ३० ग्रॅमचा असतो. २०१६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेला मायक्रा हा बिनतारेचा, थेट हृदयाच्या कप्प्यात बसणारा पेसमेकर सुमारे २ ग्रॅमचा. आणि हे ०.०७ ग्रॅम. २५ ग्रॅमचा पेसमेकर धरला तर फरक साडेतीनशे पटींचा आहे. इलेक्ट्रॉनिक्स आता इतकं बारीक झालंय की चिपला जागाच लागत नाही. पेसमेकरच्या डबीतली निम्मीअधिक जागा व्यापते ती बॅटरी. तीच बाहेर काढली की यंत्र असं आटतं.

बॅटरी काढायची कशाला, हा प्रश्न मेंदूच्या बाबतीत आणखी टोकदार होतो. कंपवाताच्या रुग्णांसाठी मेंदूच्या खोल भागात इलेक्ट्रोड बसवून विजेचे बारीक धक्के देतात, सेकंदाला साधारण १३० वेळा. जगात १ लाख ६० हजारांहून जास्त लोकांवर हा उपचार झालाय. इलेक्ट्रोडची तार जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची, पण तिला वीज पुरवणारी डबी कवटीत मावत नाही. म्हणून ती बसवायची गळपट्टीच्या हाडाखाली, आणि तिथून कातडीखालून मानेतून, कानामागून डोक्यापर्यंत तार न्यायची. चार्ज न होणारी बॅटरी असेल तर तीन ते पाच वर्षांत संपते. मग पुन्हा ऑपरेशन थिएटर, पुन्हा चीर, पुन्हा जंतुसंसर्गाची धास्ती, आणि आपल्याकडे पुन्हा काही लाखांचा खर्च. रोगाचं ठिकाण मेंदूत, आणि वारंवार कापायची वेळ येते छातीवर. ज्या घरात असा रुग्ण आहे, त्या घराला बॅटरी संपण्याचं वर्ष पाठ असतं.

हे काही आजचं दुखणं नाही. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर पूर्णपणे आत बसवला गेला. शल्यविशारद ओके सेनिंग आणि अभियंता रुने एल्मक्विस्ट. बुटाच्या पॉलिशची रिकामी डबी साचा म्हणून घेतली आणि तिच्यात इपॉक्सी ओतून ते यंत्र घडवलं. त्यातली निकेल-कॅडमियमची बॅटरी शरीराबाहेरून, चुंबकीय क्षेत्राच्या मदतीने चार्ज करायची सोय होती. म्हणजे शरीरात बिनतारी वीज पाठवण्याची कल्पना पेसमेकरइतकीच जुनी आहे. तो पहिला नग काही तासांतच बंद पडला. लार्सन मात्र २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. तोवर त्यांच्या शरीरात एकूण २६ पेसमेकर येऊन गेले. या विषयातले बाकी सगळे आकडे विसरले तरी हा २६ माझ्या डोक्यातून जात नाही.

पुढे १९७०च्या दशकात लिथियमच्या टिकाऊ बॅटऱ्या आल्या आणि बाहेरून वीज पाठवायचा मार्ग मागे पडला. तो मागे पडायला पदार्थविज्ञानाचंही कारण होतं.

माझ्या टेबलावर फोनचं बिनतारी चार्जिंग पॅड आहे. फोन बरोबर मधोमध ठेवला की दिवा लागतो. दोन बोटं बाजूला सरकवला की विझतो. पॅडमध्ये तांब्याच्या तारेचं एक वेटोळं आणि फोनमध्ये दुसरं. एकातल्या बदलत्या प्रवाहाने चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि दुसऱ्यात वीज निर्माण होते. ट्रान्सफॉर्मरचंच तत्त्व, फक्त मधला लोखंडी गाभा नाही. पॅडचं वेटोळं चार-पाच सेंटिमीटरचं, अंतर काही मिलिमीटरचं, म्हणून काम चालतं. वेटोळ्यापासून दूर जावं तसं हे क्षेत्र झपाट्याने विरतं.

आता आतलं वेटोळं २ सेंटिमीटरवरून २ मिलिमीटरवर आणा. व्यास दहापट घटला की क्षेत्रफळ शंभरपट घटतं, आणि त्यात निर्माण होणारा विद्युतदाबही शंभरपट घटतो. वर ते कातडीखाली नसून ५ सेंटिमीटर खोल, हृदयावर किंवा मेंदूत. या दोन्ही गोष्टी एकदम करायच्या म्हटल्यावर हिशेब कुठेच जुळत नव्हता. म्हणून शरीरात वीज घेणारी वेटोळी किमान सेंटिमीटरभर तरी ठेवावी लागत.

विद्युतदाब वाढवायचा दुसरा मार्ग आहे: वारंवारिता वाढवा. चुंबकीय क्षेत्र सेकंदाला जितक्या जास्त वेळा दिशा बदलेल, तितका वेटोळ्यातला दाब जास्त. अडचण अशी की शरीर म्हणजे खारं पाणी. वारंवारिता वाढली की मांस ती ऊर्जा गिळतं आणि तापतं; मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये दूध तापतं ते याच गुणामुळे. त्यामुळे शरीरातल्या यंत्रांना वीज द्यायची तर १० मेगाहर्ट्झच्या आसपास किंवा त्याखालीच राहायचं, असा अभियंत्यांचा ठाम संकेत पडून गेला होता. अनेक वर्षं सगळी यंत्रं तशीच बांधली गेली.

पून यांचं काम इथे सुरू होतं, आणि ते मला सशाच्या प्रयोगाहूनही मोलाचं वाटतं. त्यांचं शिक्षण वैद्यकाचं नव्हतं. बर्कलीला त्यांनी पीएच.डी. केली ती अँटेनांवर, एकाच वेळी अनेक अँटेना वापरून किती माहिती पाठवता येईल या गणितावर. या नजरेने पाहिल्यावर त्यांना दिसलं की कमी वारंवारितेचा जुना निष्कर्ष एका सोयीच्या गृहीतकावर उभा आहे. गणित सोपं व्हावं म्हणून शरीरातलं क्षेत्र जवळपास स्थिर मानलं जात होतं आणि तरंग म्हणून त्याचं पुढे सरकणं वगळलं जात होतं. १० मेगाहर्ट्झला ते खपतं. पण ज्या गृहीतकाचा पायाच कमी वारंवारिता आहे, त्यावरून ‘कमी वारंवारिताच उत्तम’ असा निकाल निघाला तर नवल काय? २०१० साली पून, ओ'ड्रिस्कॉल आणि मेंग यांनी पूर्ण समीकरणं घेऊन हिशेब पुन्हा मांडला. मिलिमीटरच्या वेटोळ्यासाठी उत्तम वारंवारिता निघाली गिगाहर्ट्झच्या टप्प्यात, म्हणजे जुन्या समजापेक्षा सुमारे शंभरपट वर.

२०१४ च्या प्रयोगात ती सुमारे १.६ गिगाहर्ट्झ होती. १० मेगाहर्ट्झच्या तुलनेत १६० पट. वेटोळं बारीक केल्याने विद्युतदाब शंभरपट गेला होता. वारंवारितेने १६० पट परत दिला. मांसाने गिळलेली ऊर्जा त्यातून वजा होतेच. या वारंवारितेला स्नायूत तरंगाचं क्षेत्र दर ३ सेंटिमीटरला साधारण एक-तृतीयांशावर येतं. पण त्या वजाबाकीनंतरही हाती काहीतरी उरतं.

शरीर इथे एका बाबतीत मदतही करतं. १.६ गिगाहर्ट्झच्या तरंगाची लांबी हवेत जवळपास १९ सेंटिमीटर असते. स्नायूत शिरताच ती अडीच सेंटिमीटरवर येते. तरंग आखूड झाला की त्याला एका जागी आणून एकवटणंही शक्य होतं. पून यांच्या गटाने त्यासाठी तळहातात मावेल अशी, विशिष्ट नक्षीत कापलेली धातूची पट्टी केली. ती छातीला अगदी टेकवावी लागत नाही, मध्ये थोडी हवा चालते. पट्टीवरच्या वेगवेगळ्या भागांतले प्रवाह असे जुळवायचे की त्यांचे तरंग आतल्या एका ठिकाणी एकमेकांना बळ देतील. प्रवाह बदलले की ते ठिकाणही सरकवता येतं. हृदय धडधडतं, छाती वरखाली होते, त्यामुळे ही सरकवण्याची सोय अत्यावश्यक. वेटोळ्याच्या अगदी जवळचं क्षेत्रही नाही आणि मोबाइल टॉवरसारखा दूरचा तरंगही नाही, म्हणून या पद्धतीला त्यांनी ‘मधलं क्षेत्र’ अशा अर्थाचं नाव दिलं.

आता जमाखर्च. डुकराच्या ऊतींवर मोजमाप केलं तेव्हा आत सोडली ५०० मिलिवॅट शक्ती, म्हणजे मोबाइल फोन जेवढी फेकतो साधारण तेवढी. २ मिलिमीटरच्या वेटोळ्यात पोहोचली सुमारे २०० मायक्रोवॅट. भागाकार करा: ०.०४ टक्के. शंभर रुपये पाठवले, चार पैसे पोहोचले.

हा आकडा वाचून निराश व्हायचं कारण नाही. पेसमेकरला लागतात ८-१० मायक्रोवॅट. चार पैशांतही त्याची गरज वीस पटींनी भागते. उरलेले ९९ रुपये ९६ पैसे कुठे गेले, हा खरा प्रश्न. ते मांसात उष्णता होऊन पसरले. म्हणून या क्षेत्रात कार्यक्षमतेच्या टक्क्यापेक्षा एका वेगळ्या आकड्यावर नजर ठेवतात: एक किलो ऊतीत किती वॅट शोषले गेले. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून मोबाइल फोनसाठी ही मर्यादा किलोमागे १.६ वॅट आहे, एक ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून. पून यांनी दाखवलं ते हे, की माणसासाठी ठरवलेल्या सुरक्षिततेच्या मर्यादेत राहूनही ५ सेंटिमीटरहून खोल, मिलिवॅटच्या घरातली शक्ती पोहोचवता येते.

पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, त्यांचा गट हृदयाकडून चेतासंस्थेकडे वळला. उंदराच्या मेंदूतल्या ठरावीक पेशी प्रकाशाला प्रतिसाद देतील अशी जनुकीय व्यवस्था करून त्यांवर प्रकाश टाकायचा, या तंत्राला ऑप्टोजेनेटिक्स म्हणतात. प्रकाश न्यायचा तर डोक्यात काचतंतू खुपसावा लागे, आणि तो छताला टांगलेला. अशा दोरीला बांधलेल्या उंदराचं वागणं पाहून नैसर्गिक वागण्याबद्दल किती बोलावं? पून यांच्या गटाचं बिनतारी यंत्र २० ते ५० मिलिग्रॅमचं, आकारमान १० ते २५ घन मिलिमीटर. २५ ग्रॅमच्या उंदराच्या अंगावर २० मिलिग्रॅम म्हणजे ७० किलोच्या माणसाच्या खिशात ५६ ग्रॅमची वस्तू. कातडीखाली पूर्ण बंद, बाहेर काही दिसत नाही, आणि मेंदूबरोबरच पाठीचा कणा व पायातल्या चेतातंतूंनाही चालणारं.

मला त्यातली वीज देण्याची युक्ती फार आवडते. उंदीर पिंजऱ्यात धावतो, तर त्याच्यामागे अँटेना फिरवायची कशी? त्यांनी फिरवलीच नाही. पिंजऱ्याची फरशीच एका धातूच्या पोकळीचं झाकण केली, मधाच्या पोळ्यासारख्या षटकोनी भोकांची जाळी. पोकळीत १.५ गिगाहर्ट्झच्या तरंगांची ऊर्जा साठवलेली. भोकं तरंगलांबीपेक्षा लहान, त्यामुळे ती एरवी बाहेर पडत नाही. उंदीर ज्या ठिकाणी उभा राहील त्या ठिकाणी त्याचं अंगच ती ऊर्जा वर खेचून घेतं. जिथे उंदीर, तिथे वीज.

रेडिओ तरंग हा एकच मार्ग नव्हे. बर्कलीतल्या मिशेल महारबिझ आणि होजे कार्मेना यांच्या गटाने अल्ट्रासाउंड धरला. सोनोग्राफीत वापरतात तोच. ध्वनी ऊतींमधून सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. १.८५ मेगाहर्ट्झला त्याची तरंगलांबी भरते ०.८३ मिलिमीटर. रेडिओ तरंगाच्या अडीच सेंटिमीटरपुढे हे किती बारीक आहे! म्हणून मिलिमीटरच्या यंत्रावर तो नेमका रोखता येतो. २०१६ साली त्यांनी उंदराच्या पायातल्या चेतातंतूवर ३ बाय १ बाय ०.८ मिलिमीटरचा कण बसवून त्याचे संदेश बाहेर वाचले. ‘चेताधूळ’ हे त्याचं नाव. मर्यादाही ध्वनीला अनुकूल आहेत. निदानासाठीच्या अल्ट्रासाउंडला अमेरिकेत चौरस सेंटिमीटरला ७२० मिलिवॅटची मुभा आहे. या टप्प्यातल्या रेडिओ तरंगांना सर्वसामान्य माणसासाठी १ मिलिवॅट. दोन्हींचे निकष वेगळे असल्याने थेट भागाकार करू नये, पण मोकळीक कुणाला जास्त ते कळतं. घोडं अडतं कवटीशी. हाड ध्वनीला खातं. आणि सोनोग्राफीत पोटाला लावतात तसा जेल इथेही लागतो, हवेची फट चालत नाही. पायाच्या, पोटाच्या चेतातंतूंसाठी ध्वनी उत्तम; मेंदूसाठी अजून नाही.

वीज आत नेणं हा झाला अर्धा व्यवहार. मेंदूचं म्हणणं बाहेर आणायलाही वीज लागते, आणि तिथले आकडे छाती दडपणारे आहेत. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी. सगळा मेंदू चालतो साधारण २० वॅटवर, म्हणजे पेशीमागे जेमतेम पाव नॅनोवॅट.  मेंदूचे संकेत टिपणाऱ्या न्यूरालिंक कंपनीच्या यंत्रात १,०२४ इलेक्ट्रोड आहेत. जानेवारी २०२४ मध्ये ते पहिल्यांदा माणसाच्या मेंदूत बसलं. प्रत्येक इलेक्ट्रोडचा संकेत सेकंदाला २० हजार वेळा, दर वेळी १० बिटांत टिपायचा म्हटला तर गुणाकार होतो सेकंदाला २० कोटी ४८ लाख बिट. कमी शक्तीचं ब्लूटूथ जास्तीत जास्त २० लाख बिट नेतं. शंभरपट तफावत. आणि हे फक्त हजार इलेक्ट्रोडांचं, ८,६०० कोटी पेशींपैकी.

जास्त शक्ती ओता म्हणावं, तर उष्णता आड येते. शरीरातल्या यंत्राचा पृष्ठभाग भोवतालच्या ३७ अंशांपेक्षा २ अंशांहून जास्त तापता कामा नये, असा आंतरराष्ट्रीय मानकाचा दंडक आहे. म्हणजे वरची मर्यादा ३९. हे दोन अंश या सगळ्या क्षेत्राचं कुंपण आहे. त्यात राहून काय करता येईल, याचं एक उत्तर स्टॅनफर्डमधूनच आलं. कृष्णा शेणॉय आणि सहकाऱ्यांनी २०२० साली माकडांच्या व एका रुग्णाच्या नोंदी तपासून दाखवलं की हाताची हालचाल ओळखायला प्रत्येक संकेत इतक्या बारकाईने टिपायची गरजच नाही. पेशी ‘बोलली’ की नाही एवढंच बाहेर पाठवलं तरी काम होतं आणि शक्तीची गरज जवळपास दहापट घटू शकते. दहापट वीज जास्त आत पाठवणं आणि दहापट कमी वीज लागेल असं करणं, जमाखर्चात दोन्ही सारखंच. दुसरं मात्र मांस न तापवता होतं. म्हणून यापुढची मोठी झेप वीज पाठवणाऱ्यांपेक्षा वीज वाचवणारेच घेतील, असं मला मनापासून वाटतं.

पून यांच्या पद्धतीवर पुढे न्यूस्पेरा मेडिकल ही कंपनी उभी राहिली. तिने निवडलेला उपयोग पाहण्यासारखा आहे: माकडहाडाजवळच्या, मूत्राशयावर ताबा ठेवणाऱ्या चेतातंतूला उत्तेजन. यातली निवड मला समजूतदार वाटते. बॅटरी नसलेलं यंत्र बाहेरची पट्टी अंगावर असेल तेवढा वेळच चालतं. मूत्राशयाला दिवसातून काही वेळ उत्तेजन पुरतं. हृदयाला एक मिनिटही सुट्टी देता येत नाही.

शरीरात वीज पाठवून चेतासंस्थेशी बोलणाऱ्या यंत्रांत सगळ्यांत जास्त माणसांपर्यंत पोहोचलेलं यंत्र मात्र ना हृदयाचं आहे ना मेंदूचं. ते कानाचं आहे. कॉक्लिअर इम्प्लांट. डिसेंबर २०१९ पर्यंत जगात अशी सुमारे ७ लाख ३६ हजार ९०० यंत्रं बसवली गेली होती. आतल्या भागात बॅटरी नाही. बाहेरचं वेटोळं कानामागे कातडीला लोहचुंबकाने चिकटतं, आतलं काही मिलिमीटरवर. ५ ते ४९ मेगाहर्ट्झच्या दरम्यान वीज आणि आवाज दोन्ही एकाच वाटेने जातात. कानातल्या सुमारे साडेतीन हजार आतल्या केशपेशींचं काम १२ ते २२ इलेक्ट्रोड करतात. आपल्याकडे केंद्राच्या एडिप योजनेत वर्षाला ५०० मुलांना, एका यंत्रामागे ६ लाखांची मर्यादा धरून, ते देण्याचं ठरलं. त्याचं काम वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेकडे आलं.

आमच्या सोसायटीत अशी एक सात वर्षांची मुलगी आहे. खाली लगोरी खेळताना धक्का लागला की तिचं वेटोळं निसटतं आणि बारीक तारेला लोंबकळतं. त्या क्षणी तिच्यासाठी सगळं अंगण गप्प होतं. ती खेळ न थांबवता एका हाताने ते उचलते, कानामागे नेते, चुंबक आपोआप जागा पकडतो आणि पोरांचा आरडाओरडा पुन्हा सुरू. आईच्या पर्समध्ये चार्ज केलेली जादा बॅटरी कायम असते. आंघोळीला आणि रात्री झोपताना ते काढून उशाशी डबीत ठेवायचं. बाहेरची वीज थांबली की आतलं यंत्र तिथेच असूनही मुकं.

सकाळी सात वाजता आई तिच्या तळपायावर हात ठेवून तिला हलवते. ती डोळे किलकिले करते, डबीकडे हात नेते, वेटोळं चिकटवते. मग आई तिला नावाने हाक मारते.